किल्ली माझ्या खिशात होती

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नंतर लिहायचं ठेवलं तर मध्येच कुठेतरी मी आमच्या सावकारांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, पुढे करीन, मग दुकानाच्या रीतीला, मग लग्नसराईच्या गर्दीला, आणि शेवटी वाचणाऱ्याला वाटेल, बिचारा हा तरी काय करणार. मी करू शकत होतो. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात मी मॅनेजर आहे, तेव्हाही होतो. दुकानाच्या मागे जिन्याखाली एक संडास आहे. तिकडे जायच्या दाराला कुलूप असे. त्या कुलपाची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती, आणि ज्या दिवशी ती एका बाईला द्यायला हवी होती, त्या दिवशी मी ती दिली नाही.

त्या बाईचं नाव इथे लिहीत नाही. दुकानात तिला सगळे अक्का म्हणत. मी म्हणायचो, कामाच्या पोरी म्हणायच्या, तिच्याहून वयाने मोठे असलेले आमचे सावकारही म्हणायचे. अळणावरकडच्या एका खेड्यातली, पन्नाशी ओलांडलेली, उंचीला कमी, आणि आवाजाला अजिबात कमी नसलेली.

आमच्याकडे अजून गादी आहे. काचेचे काउंटर आले, एसी आला, फोनवर पैसे द्यायची पाटी आली, पण सावकारांनी पांढऱ्या चादरीची गादी काढली नाही. गिऱ्हाईक चपला काढून वर बसतं, विकणारा समोर बसतो. अक्का त्या गादीची राणी होती. इरकल साडीची घडी ती एका झटक्यात मोडायची. पदर हवेतून जाऊन बरोबर गिऱ्हाईक बाईच्या मांडीवर पडायचा आणि निऱ्यांचं टोक अक्काच्या मुठीत राहायचं. वीस वर्षांत तो पदर इकडेतिकडे पडलेला मी पाहिला नव्हता. मग ती हात खाली ठेवायची आणि गप्प बसायची. साडीला बोलू द्यायचं, असं तिचं म्हणणं.

विकण्याची मात्र तिला घाई नव्हती. "ही तुझी न्हवं," असं ती तोंडावर सांगायची. "तुझ्या जावंची हाय. तिला धाडून दे." रंग जाणार असेल तर जाणार म्हणायची. "पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात बुडव." गिऱ्हाईक विचारायचं, मग नाही ना जाणार? "मग बी जाणार. पण तुला बरं वाटंल." सावकारांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

एकदा एक नवरीमुलगी फोनवरचा फोटो घेऊन आली. अस्सीच पाहिजे, म्हणून हट्ट धरून बसली. अक्काने फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. म्हणाली, "फोटोतली बाई उभी हाय. तू लग्नात दिवसभर बसणार. बसल्यावर ही कशी दिसती त्यो फोटो दाव की." मुलीकडे तसा फोटो नव्हता. ती आमच्याकडची साडी घेऊन गेली.

अशा बाईला मुतखडा होता. तोही एकदाचा होऊन गेलेला नव्हे. वर्षा-दोन वर्षांनी नवा यायचा, कधी उजव्या कुशीत, कधी डाव्या. त्याला तिने नाव ठेवलं होतं, जावई. "सांगून येत न्हाय, आला की सगळं सोडून त्याचंच बघायचं, आणि कवा जाणार असं विचारायची सोय न्हाय." पडलेला पहिला खडा तिने टिचबटनांच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, काटेरी, काळपट. तो ती कुणालाही दाखवायची, गिऱ्हाईकांनासुद्धा. "माझ्या दोन बाळंतपणांत जेवढी बोंबलले न्हाय तेवढं ह्येनं बोंबलायला लावलं," असं अभिमानाने सांगायची.

मुतखड्यावर औषध न सांगणारा माणूस मला हुबळीत अजून भेटलेला नाही. अक्काला प्रत्येकाने काही ना काही सांगितलं आणि अक्काने जवळपास सगळं केलं. केळीच्या खांबाचा रस प्यायली. पानफुटीची पानं चावली. दुपारच्या डब्यात रोज हुलग्याचं कढण आणायची आणि ते आम्हाला सगळ्यांना प्यायला लावायची, ज्यांना खडा नाही त्यांनाही. "आज न्हाय म्हणून उद्या होणार न्हाय असं कुणी लिहून दिलंय?" शेजारच्या बांगड्यांच्या दुकानदाराने एकदा येऊन बिअरची शिफारस केली. अक्का म्हणाली, "आधी तुमच्या आईला पाजा. ती नाचली तर मी घेते." कुणीतरी सांगितलं, जिन्यावरून एका पायावर उड्या मारत उतरलं की खडा खाली सरकतो. मग काय. साडेनऊला दुकान उघडायच्या आत ही बाई पदर खोचून वरच्या मजल्यापासून एका पायावर थडाथड उतरायची, पोरी खाली उभ्या राहून पायऱ्या मोजायच्या, आणि सावकार देवाच्या फोटोला उदबत्ती लावता लावता डोळे मिटून घ्यायचे.

या सगळ्यांत डॉक्टरांनी सांगितलेलं औषध एकच होतं, आणि ते फुकट होतं. दिवसाला दहा ग्लास पाणी.

तेच तिला मिळालं नाही. इथून पुढे मला लिहिताना राग आवरत नाही. तो राग कुणावर काढायचा ते मला माहीत आहे, तरी तो दहा दिशांना जातो.

झालं असं की एका लग्नसराईत मागच्या दाराने दोन चांगल्या साड्या गेल्या. मागचं दार आणि संडास एकाच बोळात. सावकारांनी बोळाच्या तोंडच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "नीनं इटगो," म्हणाले, तूच ठेव. "आणि उठसूट देऊ नको. पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. टाकीतलं पाणी संडासात ओतायला आणलेलं नाही." मला तेव्हा वाटलं, विश्वास टाकला माझ्यावर. मी किल्लीला लाल दोरा बांधला.

दुकानात आम्ही चार पुरुष आणि सहा बायका. पुरुषांना गल्ली होती, कोपऱ्यावरची मुतारी होती, चहाच्या निमित्ताने बाहेर जाता यायचं. बायकांना ते एक दार होतं आणि दाराची किल्ली एका पुरुषाच्या खिशात होती. हे वाक्य आज लिहिताना जेवढं उघड दिसतं, तेवढं तेव्हा मला दिसलं नाही, आणि मी आंधळा नव्हतो.

मी किल्ली कधी नाकारायचो नाही. मी फक्त घड्याळाकडे बघायचो. एखादी पोरगी येऊन उभी राहिली की मी आधी घड्याळ बघायचो, मग तिच्याकडे, मग खिशात हात घालायचो. तेवढं पुरलं. पंधरा दिवसांत पोरींनी मागणं कमी केलं, महिन्याभरात जवळजवळ बंद. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या तशाच परत जाऊ लागल्या. सकाळी घरून निघताना जाऊन यायचं आणि रात्री घरी पोचेपर्यंत ओठ कोरडे ठेवायचे, असा त्यांनी आपापसात नियम केला. मी मात्र समजत होतो की दुकानाला शिस्त लागली.

अक्काने तो नियम मानला नाही. ती मोठ्याने मागायची. माझ्याजवळ येऊन नव्हे. गादीवर बसल्या जागेवरून, गिऱ्हाईकांच्या डोक्यावरून, आणि मुद्दाम कन्नडमधून, म्हणजे समोरच्या सगळ्यांना कळावं.

"अण्णा, कीली कोड्री!"

"अक्का, हळू बोल. गिऱ्हाईकं आहेत."

"गिऱ्हाईकं मुतत न्हाईत काय वो?"

एके दिवशी हे ऐकून कलघटगीहून आलेली एक म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली. म्हणाली, "यव्वा, मलाबी ने. मघाधरनं कुणाला विचारू म्हणून बसलेय." तिच्या मागून तिची सून उठली. सुनेच्या मागून शेजारच्या गिऱ्हाईकातल्या दोघी. अक्का किल्लीचा लाल दोरा बोटाला गुंडाळून पुढे आणि चार बाया मागे, अशी ती मिरवणूक साड्यांच्या ढिगांमधून गेली, तेव्हा माझे कान तापले होते. मला त्या बायकांची लाज वाटली. स्वतःची वाटायला हवी होती.

आता सोंगाचा प्रसंग सांगतो, कारण पुढच्या सगळ्याला मी तोच आधार धरला.

आमच्याकडे एक सावळी पोरगी कामाला आहे, पदर दाखवायला फार हुशार. एका गिऱ्हाईकाने, चांगला शिकलेला माणूस, तिला सगळ्यांदेखत सांगितलं की काळ्या हातावर साडीचा रंग कळत नाही, दुसरीला पाठव. पोरगी हात मागे घेऊन उभी राहिली. आणि तेवढ्यात अक्काने कूस धरली. "यव्वा! सत्ते! मेले गं! जावई आला गं!" अशी किंकाळी फोडून ती त्या माणसाने तासभर खपून निवडलेल्या साड्यांच्या ढिगावर आडवी झाली. लोळली. साड्यांच्या घड्यांचा चिवडा झाला. माणूस चपला हातात घेऊन पळाला.

अर्ध्या तासाने मी वर गेलो तर बाईसाहेब बशीतून चहा पीत होत्या.

"अक्का, हे सोंग होतं?"

"मग काय. असल्याला दुसरं काय करायचं?"

"आणि उद्या खरंच दुखलं तर मी कसं ओळखायचं?"

तिने बशी खाली ठेवली. मला ते अजून दिसतं. "खरं दुखतंय तवा मी बोंबलत न्हाय वो अण्णा. पहिल्या खड्याला बोंबलले, तवा ठाव न्हवतं. आता ठाव हाय, बोंबलून काय व्हत न्हाय. खरं दुखलं की मी गप हुते. मी गप दिसले तर समजा."

तिने मला सांगून ठेवलं होतं. हे मी विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

बस्त्याची आमच्या दुकानात एक रीत आहे. लग्नाचा बस्ता ज्याने उघडला त्याने तो बांधून होईपर्यंत गादीवरून उठायचं नाही. विकणारा उठला की गिऱ्हाईक उठतं, बस्ता फुटतो, आणि फुटलेला बस्ता दुसऱ्या दुकानात जातो. सावकारांच्या वडिलांपासूनची रीत. चार-चार, सहा-सहा तास माणूस मांडी न मोडता बसतो आणि आम्ही त्याचं कौतुक करतो.

त्या दिवशी अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या एका अडत व्यापाऱ्याच्या घरचा बस्ता होता. चौदा माणसं, नवऱ्याची आजी धरून. अकराला अक्काने पहिली साडी मोडली. साडेबारापर्यंत गादीवर हशा चालला होता. मग हशा थांबला. मी गल्ल्याजवळून बघत होतो. अक्का एका हाताने साड्या पुढे सारत होती, दुसऱ्या हाताची मूठ उजव्या कुशीत रुतवलेली. कपाळावर घाम, आणि डोक्यावर एसी. तिने एक मोरपंखी इरकल मोडली, आणि पदर आजीच्या मांडीपर्यंत पोचलाच नाही. मध्येच चादरीवर पडला.

मी ते पाहिलं.

थोड्या वेळाने मी जवळून जाताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, किल्ली द्या." मराठीत. हळू. शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतकं हळू.

आणि मला बरं वाटलं. माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहितो: शिकली एकदाची रीत. दीड वर्ष गादीवरून ओरडून माझी शोभा करणारी बाई आज नमून मागत होती, म्हणून मी हसलो. "बस्ता बांधून होऊ दे, अक्का. मग जा घरी सुद्धा." आणि खिशावरून हात फिरवून पुढे गेलो.

तिने पुन्हा मागितली नाही. साडेतीन वाजेपर्यंत ती बसली. एक शब्द बोलली नाही, नुसत्या साड्या मोडत राहिली. साडेतीनला ती पुढे वाकली आणि पांढऱ्या चादरीवर उलटी केली, मग त्यातच कुशीवर कलंडली. लोक पाय वर घेऊन सरकले. सावकार गल्ल्यावरून उभे राहिले. आणि मी, जो तिला वीस वर्षं ओळखत होतो, भर गादीवर, चौदा गिऱ्हाईकांसमोर म्हणालो, "सोंग करायला हाच बस्ता मिळाला होय तुला?"

अक्काने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

उठली ती नवऱ्याची आजी. तिने अक्काचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघून कन्नडमध्ये म्हणाली, "ही तापाने फणफणली आहे. तू माणूस आहेस की कोण?" व्यापारी म्हणाला, राहू दे बस्ता. पोरींनी अक्काला रिक्षात घातलं. ती सावळी पोरगी आणि आणखी एक, दोघी तिच्याबरोबर गेल्या. मी गेलो नाही. मी चादर बदलून घेतली.

खडा मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडकला होता आणि आत पू झाला होता. ते मूत्रपिंड काढून टाकावं लागलं. पोरींनी दवाखान्यातून येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाले, असं एका दिवसात होत नाही, बरेच महिने आत साचत आलं असणार. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचीच आज मला सगळ्यात जास्त चीड येते. एका दिवसात होत नाही, खरं आहे. मी घड्याळाकडे एक दिवस बघत नव्हतो. दीड वर्ष, रोज बघत होतो. आणि डॉक्टरांनी त्या पोरींना विचारलं म्हणे, बाई इतका वेळ थांबली का? पोरींनी काय सांगावं? बस्ता होता, असं सांगितलं. एका बाईच्या शरीरातला अवयव सडत होता आणि आम्ही रीत पाळत होतो.

महिन्याने सावकार म्हणाले, आता ती काही येत नाही, हजेरीच्या वहीत काहीतरी लिहून टाक. मी लिहिलं, "स्वखुशीने काम सोडले." अक्षर माझंच आहे. चांगलं वळणदार आहे.

दिवाळीच्या आधी कपाटं पुसायला काढली. गादीला लागून असलेलं कपाट अक्काचं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूने ओळीच्या ओळी भरलेल्या होत्या. उभ्या रेघा आणि मध्ये मध्ये छोटे गोल. मी ते पूर्वीही पाहिलं होतं. मला वाटायचं, दाखवलेल्या साड्यांच्या खुणा असतील.

फडकं घेतलेली ती सावळी पोरगी म्हणाली, "अण्णा, हे पुसू?"

"साड्यांचंच आहे ना? पूस."

"साड्यांचं न्हवं," ती म्हणाली. "रेघ म्हणजे एक ग्लास पाणी. गोल म्हणजे किल्ली मिळाली."

मी खाली बसून ओळी बघितल्या. वरच्या ओळींत आठ-नऊ रेघा होत्या, तीन-चार गोल. खाली येता येता गोल कमी झाले होते, आणि त्यांच्या मागोमाग रेघाही. म्हणजे एवढा आवाज असलेली बाईसुद्धा हळूहळू हरत होती, आणि रोज तिच्यासमोर बसून मला ते कळलं नव्हतं. शेवटच्या ओळीत चार रेघा होत्या. सकाळपासून कुशीत चमक असणार, म्हणून घाईघाईने प्यायलेली चार भांडी. गोल एकही नव्हता.

"पुसू नको," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून धारवाडमार्गे अळणावरची बस पकडली. अक्का भावाकडे राहत होती. मी गेलो तेव्हा ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. निम्मी झाली होती. दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघा होत्या, दाट.

"अण्णा! या की वो. बसा. आधी पाणी."

मी बोलायला तोंड उघडलं की ती भांडं पुढे करायची. "नीर कुडी. मग बोला." मी एक प्यायलो. दुसरं आलं. दुसरं संपलं, तिसरं आलं. ऊन होतं, प्रवास झाला होता, मी प्यायलो. चौथ्याला नको म्हटलं तर म्हणाली, "माझ्या घरचं पाणी कडू लागलं काय?" थोड्या वेळाने मला उठावं लागलं. कुठे जाऊ म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागलो तशी तिने परसाकडे बोट केलं.

"जावा. आमच्यात कुलूप न्हाय."

परत येऊन मी उभ्या उभ्याच म्हणालो, "अक्का, मी माफी मागायला आलोय."

तिने शेंगांतून मान वर केली नाही. "आज दुकान बंद हाय?"

"नाही. चालू आहे. मी रजा काढलीय."

"मग किल्ली कुणाजवळ हाय?"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. लाल दोरा बोटाला लागला. पाच बायका सकाळपासून दुर्गदबैलात बसल्या होत्या, आणि त्यांची किल्ली घेऊन मी दीड-दोन तासांवरच्या खेड्यात पश्चात्ताप सांगायला आलो होतो.

अक्का हसली नाही. रागावलीही नाही, रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. शेंगांचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आधी परत जावा. आणि हितं माझ्या कानात काय सांगताय? मला सोंगी म्हटलं ते कुठं म्हटलं? गादीवर. चौदा जणांम्होरं. मग माफी बी गादीवरच मागा."

"सावकार ठेवणार नाहीत मला, अक्का."

"मला ठेवलं का?" ती म्हणाली. मग थोडी मऊ होऊन, "माघात पुतणीचं लग्न हाय. बस्ता तुमच्याच गादीवर उघडणार हाय मी. त्या दिवशी बघू, तुमचा आवाज निघतो का."

मी पाच वाजता दुकानात पोचलो. किल्ली खिशातून काढून त्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. सावकारांनी चार दिवसांनी ती काढून परत माझ्या हातात दिली. मी परत अडकवली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुला काय झालंय?" मी म्हणालो, काही नाही. खरं उत्तर द्यायला अजून माघ यायचा होता, आणि तोपर्यंत ती किल्ली परत काढली जाईल या भीतीने मी दिवसातून दहादा तिकडे बघत होतो. रात्री घरी बायकोला सांगितलं की नोकरी कदाचित जाईल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी तू मला नुसतं एवढंच सांगितलं होतंस, गादी खराब झाली म्हणून. होय ना?" मी मान हलवली. ती उठून आत गेली.

माघात अक्का आली. बरोबर भाऊ, भावजय, पुतणी, गावच्या आठ-दहा बायका. शेजारच्या बैठकीत दुसरं एक गिऱ्हाईक होतं. सावकार लगबगीने पुढे आले. "अक्का, या या! बरं वाटलं बघा." जणू ती माहेरी गेली होती. अक्का गादीवर बसली, या खेपेला समोरच्या बाजूला. "बस्ता मॅनेजर अण्णाच उघडतील," म्हणाली.

मी समोर बसलो. पहिली इरकल मोडली. मला तिचा झटका येत नाही. पदर चादरीवर वाकडा पडला. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. अक्काने स्वतःच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घोटभर प्यायली, आणि माझ्याकडे बघत बसली. ती गप्प होती.

तिचं ते गप्प बसणं मी एकदा ओळखलं नव्हतं. मी साडी खाली ठेवली आणि बस्ता उघडा असताना गादीवरून उठून उभा राहिलो. दोन्ही बैठकींतले लोक वर बघायला लागले.

"एन आतो?" सावकार गल्ल्यावरून म्हणाले. "काय झालं? बस की खाली!"

आवाज निघेल का हे मलाही माहीत नव्हतं. निघाला तो माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. आधी कन्नडमध्ये बोललो, मग तेच मराठीत.

"या अक्का इथे, याच गादीवर आजारी पडल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे किल्ली मागितली, ती माझ्या खिशात होती. त्यांचा पदर चुकला ते मी पाहिलं होतं, त्या गप्प झाल्या ते मी पाहिलं होतं, आणि त्या गप्प झाल्या तर काय समजायचं हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं. तरी मी किल्ली दिली नाही. वर सगळ्यांसमोर त्यांना सोंगी म्हटलं. त्यांनी काम स्वखुशीने सोडलं असं मी वहीत लिहिलं, तेही खोटं आहे. सोंग मी करत होतो. अक्का, माझं चुकलं. मला माफ करा."